पत्त्यापुढचं नाव

ताईंनी एकदा डूख धरला की धरलाच. मेल पाठवायचं सॉफ्टवेअर बनवणारं ते ऑफिस, आणि त्यातला अर्धाअधिक कोड ताईंच्या हातचा.

उरलेला साहेबांचा, आणि घोळ नेमका तिथे होता. आपण कुणाचा पत्ता साठवताना त्याला मनाला येईल ते नाव देतो. नवी मेल लिहिली तर नुसता पत्ता जायचा. पण 'सगळ्यांना उत्तर' दाबलं, की आपण ठेवलेलं ते खासगी नावही पत्त्याबरोबर सगळ्यांकडे! ताईंनी हे दाखवलं, तर साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले, "किती ती कटकट, ताई! नावं कोण बघत बसतंय?" सगळे खिदळले. पुढच्याच आठवड्यात ताईंचं काम साहेबांच्या मेहुण्याला मिळालं आणि ताईंना बसवलं तक्रारींच्या फोनवर. आहे की नाही कमाल!

"सोडून दे ना गं वहिनी," घरी नणंद म्हणाली.

"सोडते? माझं काम परत घेईन, आणि त्याला नाक घासायला लावीन!"

ताईंनी साहेबांना गोडगोड मेल लिहिली. तुमच्यासारखा माणूस मिळायला भाग्य लागतं, वगैरे. प्रत मालकांना आणि मेहुण्याला. कौतुक झालं की साहेब हुरळून सगळ्यांना उत्तर देणार, हे त्या ओळखून होत्या.

जेवणाच्या सुट्टीआधीच उत्तर आलं. "आपलं प्रेम आहे!" आणि वर, कुणाकुणाला पाठवलं त्या ओळीत: थेरडा, कटकट, फुकट्या. थेरडा म्हणजे मालक, फुकट्या म्हणजे सख्खा मेहुणा. काय सांगू, डबा न उघडताच ताईंचं पोट भरलं! मेहुणा तरातरा साहेबांच्या केबिनमध्ये शिरला. बाहेर काचेतून नुसते हातवारे दिसत होते.

थोड्या वेळाने साहेब घामाघूम होऊन ताईंपाशी आले. "ताई, ती मेल परत घेता येते का हो?"

"नावं कोण बघत बसतंय, साहेब?"

तेवढ्यात मालकांचंही उत्तर आलं, सगळ्यांना. 'उद्यापासून कोड पुन्हा ताईंकडे.' जिंकलं की! ताईंनी वरच्या ओळीकडे पाहिलं. साहेबांच्या पत्त्यापुढे मालकांनी ठेवलेलं नाव होतं 'चमचा'. ताईंच्या पत्त्यापुढे होतं 'स्वस्तातली'.

त्यांनी पुन्हा वाचलं. कान तापले. इतकी वर्षं मान मोडून काम केलं, ते या नावासाठी? घोळाची दुरुस्ती त्यांनी केव्हाच लिहून ठेवली होती. ती पुसून टाकली आणि पर्स उचलली. कळू दे गिऱ्हाइकांनाही, कोण कुणाला काय म्हणतं ते.