आमेननंतरची खुर्ची

पन्नाशी उलटल्यावर यशया पाळक पुन्हा विद्यार्थी झाले, याचं चर्चच्या मंडळीत कौतुक कमी आणि कुजबूज जास्त झाली. बायको गेली म्हणून डोक्यावर परिणाम झाला, असंही कुणी म्हणालं. कर्जतकडच्या खेड्यांत हयात घालवलेला माणूस नगरला पाळक घडवणाऱ्या सेमिनरीच्या वसतिगृहात राहायला आला. आजारी माणसांची पाळकीय सेवा, एवढ्या एका विषयातली वरची पदवी त्यांना घ्यायची होती. मेसमध्ये मुलाच्या वयाचे विद्यार्थी त्यांना 'अंकल' म्हणत, उठून जागा देत, आणि मग दुसऱ्या टेबलावर जाऊन हसत बसत. इतका आदर मिळाला की माणूस एकटाच जेवतो. यशया रोज एकटेच जेवत.

खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. रोझी, त्यांची बायको, दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होती, तेव्हा ते रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसून स्तोत्र वाचत आणि प्रार्थनेला हात जोडत. एके दिवशी ती म्हणाली, "आज प्रार्थना नको."  पाळकाची बायको, आणि प्रार्थना नको? तिचा विश्वास डळमळला असं समजून त्यांनी उलट आणखी मोठ्यानं प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि मंडळीच्या सभेला निघून गेले. ते परत यायच्या आत ती गेली. रोझी देवावर रुसून गेली का, हा एकच प्रश्न घेऊन ते नगरला आले होते. पुस्तकांत त्याचं उत्तर सापडेना.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष काम लागलं. दुपारी दवाखान्यात जाऊन रुग्णांजवळ बसायचं. शिकवणाऱ्या बाई वयानं लहान, पण बोलायला सडेतोड. "सर, तुम्ही फार लवकर प्रार्थना करता," त्या एकदा म्हणाल्या. यशयांना रागच आला. पाळकानं प्रार्थना करायची नाही, तर काय सलाईनची बाटली बदलायची?

त्यांची पद्धत जुन्या पाळकांची होती. कुणाकडे गेलं की सलाम, विचारपूस, चहा, स्तोत्र आणि शेवटी प्रार्थना. आमेन झालं की पाळकसाहेब चपला शोधणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

वॉर्डात कडूबाई होती. मांडीचं हाड मोडलेली, कर्जतकडचीच ख्रिस्ती म्हातारी. मुलगा शिर्डीला हॉटेलात कामाला, सुट्टी मिळाली तरच यायचा. ती पडल्याची हकीकत सांगून जरा थांबली, तोच यशयांचे हात सवयीनं जोडले गेले. म्हातारीनं पदर डोक्यावर घ्यायचा सोडून त्यांचं मनगट धरलं.

"प्रार्थना नका करू, पाळकसाहेब."

यशयांचा चेहरा उतरला. "का, बाई? देवावर राग आहे का?"

"देवावर कशापायी राग धरू? त्यो हाय की हितंच. पर तुमी आमेन म्हनलं की उठून जाता. त्या पलीकडच्या बाईपाशीबी तसंच केलं, मी बगत हुते. मला अजून लई बोलायचंय. बसा की जरा."

यशया बसले. म्हातारी शेळीबद्दल बोलली, सुनेबद्दल बोलली, कधीच्या मेलेल्या बहिणीबद्दल बोलली. त्यातलं निम्मं त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. रोझीचं देवाशी भांडण नव्हतं. तिला नवरा आणखी थोडा वेळ जवळ हवा होता. इतक्या दिवसांची भीती गेली, आणि तिच्या जागी त्याहून जड काहीतरी येऊन बसलं. रोझीला काय सांगायचं होतं, ते आता कुणीच सांगणार नव्हतं. एवढ्या मोठ्या वॉर्डात त्यांना फार एकटं वाटलं.

वॉर्डात चहा आला. कडूबाईनं आपण होऊन पदर डोक्यावर ओढला. "हं, आता करा."

यशयांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांची पाठ झालेली वाक्यं काही केल्या जिभेवर येईनात. दोन-तीन शब्द कसेबसे बोलून ते आमेन म्हणाले.

म्हातारीनं डोळे उघडून त्यांच्या पायांकडे पाहिलं. यशयांनी चपला काढून खाटेखाली सारल्या होत्या, आणि खुर्ची तिच्या उशाशी ओढून घेतली होती.