बायनाबाईची खरपुडी

ऊसतोडीहून बायनाबाई आणि आसाराम गावी परतले, तेव्हा धारूरकडच्या डोंगराची एक कड जेसीबीने खरवडून नेली होती. मुरूम रस्त्याला चालला होता आणि मशीन सरपंच राधाकिशनअण्णांचं होतं. माळच तर होता, म्हणून गावात कुणी हरकत घेतली नाही. बायनाबाई मात्र डोक्यावरचं बोचकं अंगणात टाकून तिकडे धावली. त्या उतारावर खरपुडी होती.

खरपुडी म्हणजे झुडपाच्या आधाराने चढणारा सुतळीसारखा वेल. जमिनीखाली त्याचा चपटा कांदा असतो. शेरडं वळायच्या वयात बायनाबाईने तो कितीदा तरी सोलून कच्चाच खाल्ला होता. दिवाळीला वेल वाळतो आणि उन्हाळाभर वर काडीसुद्धा दिसत नाही.

मृग लागल्यावर तिने उरलेला उतार पालथा घातला. पाचच वेल सापडले. दोन तिने खुरप्याने अलगद काढून घरामागच्या निवडुंगाच्या कुपाटीत, कुंपणाच्या आडोशाला, लावले, तीन जागेवर राहू दिले. मग ग्रामसभेत उभी राहिली.

"अण्णा, राह्यलेलं खंदू नका. तिथं खरपुडी हाय."

"कसली पुडी?" अण्णा म्हणाले, आणि सभा हसली.

सून मंजुषाने पानांचा फोटो कॉलेजातल्या सोमेश्वर सरांना पाठवला. सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे. उत्तर आलं, 'साधी रानवेल आहे, कुठेही उगवते.' ते अण्णांच्या कानावर गेलं आणि त्यांनी पारावर चारचौघांत सांगितलं.

आसाराम तणतणत घरी आला. "कावून वैर घ्यायलीस? सरच म्हनले न्हवं."

"सरांनी नुसतं पान पाह्यलंय. ह्या वेलाचं पान इथं गोल तर तिथं लांबुडकं. फूल येऊ द्या, मग बोलू."

दुसऱ्या दिवसापासून ती मशीन चढायच्या वाटेवर शेरडं घेऊन बसू लागली. ड्रायव्हर हरिओम तिच्याच भावकीतला. "काकू, सरका की," तो म्हणायचा.

"फूल आल्यावर सरकते."

चार दिवस त्याने वाट पाहिली, मग तो उतार सोडून, वळसा घालून पलीकडून मुरूम काढायला लागला. अण्णांनी आसारामला बोलावून दम दिला. आसाराम दोन दिवस बायकोशी बोलला नाही. तिने त्याची भाकरी वाढली आणि शेरडं घेऊन निघाली.

श्रावणात कुपाटीतल्या वेलाला फुलं आली. बोटाच्या पेराएवढी, खाली फुगीर, वर पाच जांभळट पाकळ्या शेंड्याला जुळलेल्या, अगदी कंदिलासारखी. मंजुषाने पाठवलेला फोटो पाहून सर स्वतःच मोटारसायकलवर आले. एक फूल त्यांनी ब्लेडने उभं चिरलं. खरपुडीच्या फुलात सापडतात तशी आत दोन चिलटं अडकलेली होती.

"मावशी, मी चुकलो. ही खरपुडीच आहे. या भागात आता फार कमी उरलीय."

"मंग लिवून द्या. चुकलो हे बी लिवा."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, कागद मागितला आणि लिहिलं. जाताना त्यांनी कॉलेजसाठी एक कांदा मागितला.

"कांदा न्हाई द्यायची. शेंगा पिकल्यावर बी देते."

पुढच्या ग्रामसभेत मंजुषाने तो कागद वाचला. 'चुकलो' आलं तिथं बायनाबाईने तिला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. अण्णा मोबाइल चाळत होते. शेवटी म्हणाले, "बरं, तेवढा तुकडा सोडा." खरवडलेली कड त्यात नव्हती.

शेंगा जोडीने लागतात आणि तडकल्या की कापसासारखं बी वाऱ्यावर उडून जातं, म्हणून तिने प्रत्येक शेंगेला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. सरांचा वाटा दिला, उरलेलं बी डबीत घालून ऊसतोडीला सोबत नेलं.

परतल्यावर, मृगात, तिने ते बी पेरलं ते खरवडलेल्या कडेच्याच खाचाखोचांत, वरची माती पाटीने वाहून नेऊन. आसाराम म्हणाला, "इथं मुरूम हाय निस्ता. अन् उद्या मशीन आलं म्हंजी?"

"आलं तर परत पेरीन."

त्याने दुसरी पाटी उचलली. अकरा रोपं उगवली. तिने भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या.