देव्हाऱ्याशेजारचा खिळा

चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या आमच्या क्वार्टर्समध्ये सगळ्यांत भित्री बाई कोण, असं कुणी विचारलं असतं, तर मी डोळे झाकून क्षमाचं नाव सांगितलं असतं. माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून. पाल दिसली तरी माझं दार वाजवायची. भाजीवाल्या अम्मानं तमिळमध्ये भाव सांगितला की खिडकीतून मला हाक मारायची. साताऱ्याहून लग्न होऊन आली त्याला सहा वर्षं झाली. नवरा आशिष डिफेन्सच्या कारखान्यात, माझे यजमान वसंतराव आहेत तिथंच.

अशा बाईनं चामड्याच्या वस्तूंचा धंदा काढावा, तोही फोनवर, याचं मला हसू यायचं. पण हातात कसब होतं. लोकलनं सेंट्रलला जायची, पेरियमेटच्या गल्लीतून चामड्याचे तुकडे वजनावर आणायची आणि एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून पाकिटं शिवत बसायची. आरीनं भोक पाडायचं, एक सुई इकडून, दुसरी तिकडून, मग दोन्ही हात फाकून दोरा खेचायचा. तो करकर आवाज लोकांना ऐकायला आवडतो, हे तिनं स्वतःच शोधून काढलं होतं. तीस सेकंदांचा व्हिडिओ. त्यात चेहरा नाही, नुसते हात. अण्णा नगरच्या एका बाईनं सहा पर्सा एकदम मागवल्या, तेव्हापासून मी सल्ले द्यायला लागले. सल्ले द्यायला मला कुणी विचारावं लागत नाही.

त्यातला एक सल्ला असा होता, की स्वयंपाकघराच्या अंधारात काय बसतेस, देव्हाऱ्याजवळ बस, तिथं उजेड छान येतो. आणि तू शिवलेली पहिली वस्तू लोकांना दाखव.

तिची पहिली वस्तू म्हणजे आशिषच्या गेटपासचं कव्हर. इथं घरोघरी एक रीत आहे. कारखान्याचा पास देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगायचा. सकाळी देवाला हात जोडले की पास गळ्यात. विसरला तर गेटवरून परत यावं लागतं, म्हणून कुणीतरी कधीतरी हे सुरू केलं असणार. तमिळ घरांतही तेच. इतक्या वर्षांत तो खिळा आम्हाला देव्हाऱ्याचाच भाग वाटायला लागला होता.

क्षमानं कव्हर दाखवलं. आत पास होता तसाच. चार लाख लोकांनी तो व्हिडिओ पाहिला आणि मी कॉलनीभर मिरवून घेतलं.

शुक्रवारी दुपारी ती आली तेव्हा दार वाजवलं नाही, सरळ आत येऊन खाली बसली. हातात फोन होता आणि तोंडाचा रंग उडाला होता. कुणा अनोळखी माणसानं तशीच पन्नास कव्हरं मागितली होती. मापासाठी पासचा समोरून फोटो पाठवा म्हणाला. मोठी ऑर्डर म्हणून मंगळवारी तिनं पाठवला. गुरुवारी त्यानं मागच्या बाजूचा मागितला, त्यावरचा बारकोड स्पष्ट दिसायला हवा म्हणाला. तो तिनं दिला नाही. मग आज सकाळी त्यानं विचारलं होतं, साहेबांची ड्यूटी कुठल्या गेटला असते, सुटतात किती वाजता.

कारखान्याची गुपितं काढणाऱ्या अशा माणसांविषयी आम्ही सगळ्यांनीच ऐकलं आहे. ते साहेबांना गाठत नाहीत, आधी घरातल्यांशी गोड बोलतात. आशिषची नोकरी तर जाईलच, पण वर चौकशी, पोलीस, पेपरात नाव. आणि खोटं कशाला सांगू, माझ्या मनात सगळ्यांत आधी आलं ते हे, की देव्हाऱ्याजवळ बस असं सांगणारी कोण, हे ही बाई कुणाला सांगेल का.

मी तिला म्हटलं, सगळं पुसून टाक आणि गप्प बस. आशिषलाही कळू देऊ नकोस.

तिनं फोन पालथा ठेवला.

"पुसलं तर चौकशी करणाऱ्यांपुढे काय ठेवू, काकू? मी काय दिलं आणि काय नाही दिलं, हे त्यांना कळणार कसं?"

पालीला घाबरणारी बाई हे म्हणत होती आणि पंचवीस वर्षं या कॉलनीत काढलेली मी तिला लपवायला शिकवत होते. पाच वाजेपर्यंत ती माझा हात धरून बसली.

मग मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. आशिष आला. त्यानं पास खिळ्याला अडकवला, बूट काढले, तोवर क्षमानं सगळं सांगून टाकलं. एकदाही न रडता, तारीखवार. मला वाटलं, आता हा ओरडणार. तो स्टुलावर बसला, हातातले मोजे तसेच हातात.

"मला बुधवारपासून माहीत आहे," तो म्हणाला.

बुधवारी कारखान्यात सुरक्षेचं व्याख्यान झालं होतं. काय करू नये याचा नमुना म्हणून दोनशे माणसांसमोर पडद्यावर एक व्हिडिओ दाखवला. पासवरचं नाव आणि नंबर झाकलेला होता, पण बायकोचे हात आणि घरातली समई ओळखायला नंबर लागत नाही. अधिकारी म्हणाले होते, हा पास कुणाचा आहे ते आम्हाला माहीत आहे. शनिवारी अकरापर्यंत त्यानं स्वतःहून यावं. आला नाही, तर आम्ही येऊ.

"मग गेला का नाहीस?" क्षमानं विचारलं.

"गेलो होतो. दोनदा दाराशी जाऊन परत आलो. तुला विचारायचीही भीती वाटत होती. व्हिडिओपेक्षा जास्त काही निघालं तर, म्हणून."

तीन दिवस दोघं एकाच ताटाला बसून जेवले होते, एकमेकांपासून लपवत. मी तिथून उठून आले.

शनिवारी सकाळी दोघं गेले. जाताना आशिषनं पास चामड्याच्या कव्हरातून काढून घेतला, कव्हर खिळ्यालाच राहिलं. परत आले तेव्हा दोन वाजले होते. पास रद्द झाला, फोन जमा झाला, आशिषकडून लेखी खुलासा घेतला, आणि चौकशी संपेपर्यंत व्हिडिओ बंद. रोजच्या कागदी चिठ्ठीवर त्याला आत सोडणार आहेत. नोकरी तूर्त राहिली. राहिली कशामुळे, तर क्षमा सगळा संवाद न पुसता घेऊन गेली म्हणून, असं आशिषच म्हणाला.

क्षमा दारात उभी राहून मला म्हणाली, "काकू, त्या माणसाकडे आपल्या कॉलनीतल्या आणखी घरांचे फोटो आहेत म्हणे. कुणाची ते अजून कळलं नाही. म्हणाले, फोटो जुने आहेत, गणपतीचे वगैरे."

मी बरं म्हटलं आणि दार लावून घेतलं.

मग माझा फोन उघडला. गेल्या वर्षीचा गणपती. त्याच्या आदल्या वर्षीचा. त्याच्याही आदल्या. दरवर्षी आरास छान झाली म्हणून मीच सगळीकडे टाकलेले फोटो, ओळखीच्यांना आणि अनोळखींनाही. मखराच्या डाव्या बाजूला, खिळ्याला, वसंतरावांचा पास. दोन बोटांनी फोटो मोठा केला तर नंबर वाचता येतो.

वसंतरावांच्या निवृत्तीला अकरा महिने आहेत. ते पाचला येतील. स्वतःहून जायची अकराची मुदत तर केव्हाच उलटून गेली.

पुसायचं बटण समोर आहे. सगळे फोटो पुसायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. मी फोन पालथा ठेवला आहे आणि मधल्या भिंतीवर थापा मारून क्षमाला हाक मारते आहे.