मानसिंग तात्यांची ऐकण्याची तार

मानसिंग खोपडे यांची व माझी ओळख आंबवडे येथील प्रौढ साक्षरता वर्गामुळे झाली. वर्ग त्यांच्याच ओसरीवर दुपारी भरत असे. आम्ही बायका पाटीवर अक्षरे गिरवीत असू आणि आतल्या खोलीत ते आपल्या जुन्या रेडिओ यंत्रापाशी बसलेले असत. पुढील हकीकत काही डोळ्यांदेखत घडली, काही त्यांच्या तोंडून ऐकली.

गाव त्यांना तात्या म्हणे. तात्यांनी सारी नोकरी पोलिसांच्या बिनतारी खात्यात काढली. वेल्ह्याकडील कुंडलिक रेणुसे हे तेथील त्यांचे जोडीदार. निवृत्त झाल्यावर दोघांनी घरी रेडिओ यंत्र चालविण्याचा सरकारी परवाना काढला. मध्ये डोंगर आडवे, कुंडलिकरावांच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही. परंतु वर्ग सुटण्याच्या सुमारास दोघांचे बोलणे रोज होई. भात कसा आहे, गुडघा कसा आहे, एवढेच. अशा यंत्रावर एका वेळी एकालाच बोलता येते. बटण दाबून आपण बोलायचे, 'ओव्हर' म्हणून बटण सोडायचे, मग समोरच्याचे ऐकायचे.

पुढे कुंडलिकरावांच्या अंगावरून वारे गेले. जीभ जड झाली, आवाज सुतासारखा बारीक झाला. त्यांची सून सुलक्षणा माईक त्यांच्या तोंडाशी धरी. त्याच साली तात्यांचे खुब्याचे हाड मोडले. वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत येणे हाच त्यांचा प्रवास; एसटीने वेल्हे गाठणे तर दूरच. मित्राची भेट आता त्या यंत्रातूनच काय ती व्हायची.

आणि नेमके त्यातच विघ्न आले. शेजारच्या बंडूने भुईमुगाच्या कुंपणाला जनावरे हाकलणारे विजेचे झटका मशीन बसविले. त्याची टक-टक यंत्रात घणासारखी वाजे आणि कुंडलिकरावांचा क्षीण आवाज तिच्याखाली चिरडून जाई.

तात्यांनी बंडूला बोलावले. "बंडू, दुपारचं घटकाभर मशीन बंद ठेवशील का रे?"

"तात्या, रातच्याला डुकरं, दिवसा मोकाट गुरं. परवाना तुमच्यापाशी हाय, गुरांपाशी न्हाई. त्यांना तुमची येळ म्या कशी सांगू?"

तरीही बंडूने दोन दिवस मशीन बंद ठेवले. तिसऱ्या दिवशी गुरांनी त्याचा निम्मा भुईमूग फस्त केला. तात्यांनी तो शब्द पुन्हा काढला नाही.

त्यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांच्या जुन्या यंत्राला तार जोडायचे एकच तोंड होते. छपरावरची तारच बोले आणि तीच ऐके. ऐकण्यासाठी निराळी तार ओढ्याकडच्या बांधावर, कुंपणापासून लांब, जमिनीलगत न्यायची असे त्यांनी ठरविले. झाकण उघडून त्यांनी यंत्राची ऐकण्याची वाट वेगळी केली आणि पाठीमागे तिच्यासाठी नवे तोंड बसविले. बंडूने आपणहून बांबूच्या खुंट्या ठोकल्या व तार ओढून दिली.

धोका एकच होता. आपण बोलू लागलो की छपरावरच्या तारेचा जोर खालच्या तारेत उतरणार आणि ऐकण्याचा भाग जाळणार. म्हणून तात्यांनी तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत एक रक्षक जोडणी बनविली. बटण दाबताच ती खालची तार यंत्रापासून तोडून जमिनीशी जोडी, आणि त्यातूनही काही जोर शिरलाच तर आतले दोन डायोड तो अडवीत.

"कानाला झाकण पाहिजे," ते आम्हास म्हणाले. "आपणच ओरडायचं आणि आपलाच कान फोडायचा, असं नको."

टक-टक बरीच मागे हटली. आवाज येऊ लागला, तरी शब्द लागेनात. थोडा आवाज ही डबीच खात असावी, असा संशय तात्यांच्या मनात शिरला. एके दुपारी सुलक्षणा म्हणाली, "तात्या, बाबांचं आज बरं न्हाई. तरी बोलायचं म्हन्त्यात." तात्यांनी डबी काढली आणि तार थेट यंत्राला लावली. आधी ऐकायचे, मग तार उपसायची आणि मगच बटण दाबायचे, असे त्यांनी मनाशी घोकले.

आणि आवाज आला. स्वच्छ आला. ओसरीवर आम्हालाही तो ऐकू आला.

"मानशा, हायेस का रं तू?"

कित्येक महिन्यांत कुंडलिकचे एक अख्खे वाक्य त्यांच्या कानी पडले नव्हते. शिवाय बिनतारी खात्याची रीत अशी, की हाकेला श्वास घेण्याआधी ओ द्यायची. अंगठा आपसूक बटणावर गेला.

"हाय की रं! हितंच हाय! ओव्हर!"

बटण सुटले. कुंडलिक नाही, बंडूची टक-टकही नाही. तात्यांनी यंत्राला कान लावला, छपरावरची तार ऐकण्याच्या तोंडाला लावून पाहिली, खटके हलविले. मग हात मांडीवर ठेवून ते म्हणाले, "फुटला. कान फुटला."

पुण्याच्या कारागिराने फोनवर सांगितले, की जळालेला ऐकण्याचा भाग आता बनत नाही. जुन्या यंत्रांतून शोधावा लागेल. दुसऱ्या दिवशी सुलक्षणाने रेंजसाठी टेकाड चढून फोन केला.

"तात्या, तुमचा आवाज येतोय. बाबा ऐकत्यात. तुमी बोलत राहा."

"अगं, पण तो काय म्हणतोय?"

"त्यांचं बोलणं मला लागत न्हाई, तात्या. ते तुमालाच लागायचं."

तेव्हापासून तात्या रोज नुसतेच बोलत. भात सांगत, गुडघा सांगत. 'ओव्हर' म्हणून बटण सोडत, मुक्या यंत्राकडे पाहत थांबत आणि बऱ्याच वेळाने "व्हय रं" म्हणून पुढे बोलत. मार्गशीर्षात कुंडलिकराव वारले. त्यानंतर तो भाग मिळाला. तात्यांनी तो बसविला, डबीही जागेवर लावली. ओढ्याकडची तार फार स्वच्छ ऐकू लागली, परंतु त्या वेळेला तिकडून हाक मारणारे कोणी उरले नव्हते.

ते नुसतेच बोलत असत त्या दिवसांत, त्यांचे बोलणे संपले असे समजून आम्ही बायका ओसरीवर गप्पा सुरू करीत असू. एकदा तात्या वॉकर धरून उंबऱ्याशी आले आणि म्हणाले, "बायांनो, मी थांबलो की तुम्हीही जरा गप्प राहा. तेव्हा कुंडलिक बोलत असतो."