सिंधूअक्कांचा रक्तदाब आणि सावद्याची वाट

खानदेशात जायचं असेल तर हिवाळ्यात जा, आणि जाताना शहाणपण घरी ठेवून जा. मी ते सोबत नेलं होतं. ही सहल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, त्यामुळे एसटीच्या वेळा आणि भाडी माझ्याकडून घेऊ नका. भरिताबद्दल मात्र खुशाल विश्वास ठेवा.

मी नुकताच डॉक्टर झालो होतो आणि पुण्यात एका संशोधक डॉक्टरबाईंच्या हाताखाली काम करत होतो. त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो. रक्तदाबासारखा जन्माला चिकटलेला आजार गावातल्या साध्या दवाखान्यात नीट सांभाळता येतो का, हा त्यांचा अभ्यास. दवाखान्यांतली नर्स महिन्यातून एकदा तपासणी करून आकडे टपालाने धाडायची. ते वाचून गोळ्या कमी-जास्त करायचं पत्र मी लिहायचो, सही मॅडमची. बाकी सगळीकडे ठीक होतं, पण सावद्याजवळच्या एका गावाचे आकडे काही केल्या खाली येईनात. गोळ्या वाढवल्या, पुन्हा वाढवल्या, तरी नाही. "लोक गोळ्या फेकून देतात आणि घेतल्या म्हणून सांगतात," मी खुर्चीतून न उठता निदान केलं. मॅडम म्हणाल्या, "चल, बघून येऊ."

पहाटेच्या एसटीने निघालो ते मनमाड, मालेगाव करत धुळ्याला पोचेपर्यंत अंगाचा पार खुळखुळा झाला. स्टँडजवळच्या खानावळीत शेवभाजी मागवली. तर्री अशी, की पहिल्या घासाला मी रडलो आणि दुसऱ्या घासाला आणखी भाकरी मागितली. पुण्याची माणसं, जपून.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याचा दवाखाना. तिथे मॅडमना काम करताना पहिल्यांदा पाहिलं. एका आबांना त्यांनी शेती, झोप, सुना, विडी, सगळं विचारलं. दंडाला पट्टा बांधायचं नाव नाही. शेवटी आबाच कंटाळले. "डॉक्टरबाई, तुम्ही बठ्ठं इचारी लिधं, आते गोळी कव्हय देशात?" सगळे हसले, मॅडम सगळ्यांत जास्त. मला मात्र वाटलं, काय हा वेळेचा अपव्यय!

दुपारी पारोळा, एरंडोलवरून जळगाव, मुक्काम, आणि तिसऱ्या दिवशी सावद्याची बस. भुसावळ मागे पडलं, तापीचा पूल ओलांडला आणि मग केळी सुरू झाली ती संपेचनात. मैलोन् मैल हिरवं, आणि उत्तरेला सातपुडा. फैजपूरच्या पुढे रस्त्यात ट्रक भरत होते, तळाशी केळीचीच पानं अंथरून. इतकी माणसं, इतका माल, आणि घडाला ओरखडा नको म्हणून इतकी हळुवार हालचाल! मी खिडकीतून नुसता बघत राहिलो. खिडकी उजवीकडची नको, डावीकडची धरा. डोंगर तिकडून दिसतो.

गावात नर्सने आम्हाला आधी सिंधूअक्कांकडे नेलं. साठीच्या, उभा जन्म केळीच्या मळ्यात राबलेल्या. कपाळावर भलंमोठं टेंगूळ. चार दिवसांपूर्वी विहिरीच्या काठावर चक्कर येऊन पडल्या होत्या. शेजारणीने दंड धरला म्हणून आत गेल्या नाहीत. माझ्या पिशवीत त्यांच्याच नावाचं पत्र होतं, तिसरी गोळी सुरू करायचं. मॅडमची सही तेवढी बाकी होती.

मी रक्तदाब मोजला. वरचा आकडा शंभराच्याही खाली. यंत्र बिघडलं असेल म्हणून नर्सचं यंत्र घेतलं. तेच. डब्यातल्या गोळ्या मोजल्या, जवळपास बरोबर भरल्या. मॅडम अक्कांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "अक्का, तपासणीला यायचं असलं की काय काय करता, सगळं सांगा बरं."

"काय करनार माय? सकायी आंघोय करते, चांगलं लुगडं नेसते. गोया तं तीन दिवस आधीच बंद करते."

"बंद? का हो?"

"गोया खाऊन आली तं दुखनं दबून जाईन. मंग डॉक्टरले काय दिसीन? घड इकायचा तं व्यापाऱ्याले पानं बाजूले सारूनच दाखवा लागते ना? आमी समद्या तसंच करतो. फशिवनं बरं नाही."

ज्यांना मी खोटारडं ठरवलं होतं, त्या बायका आम्हाला आजार उघडा दिसावा म्हणून तीन दिवस डोकेदुखी सोसत होत्या. तो उघडा आकडा बघून मी गोळ्या वाढवत होतो, आणि घरी परतल्यावर त्या वाढीव गोळ्या इमानदारीने खाऊन अक्का विहिरीवर पाणी शेंदत होत्या.

"मंग मी चुकली का व?" अक्का घाबरून विचारत होत्या.

"नाही अक्का. चुकले मी. विचारलंच नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तिथेच अक्कांच्या गोळ्या कमी केल्या, आठवडाभर रोज घरी येऊन तपासायला नर्सला सांगितलं. मग ओट्यावर जमलेल्या बायकांसमोर तीच चूक पुन्हा कबूल केली, आणि वही उघडून त्या गावाच्या सगळ्या आकड्यांवर आडवी रेघ मारली. दीड वर्षाचं काम!

"मॅडम, अहवालाचं काय?" मी विचारलं.

"त्यात हेच लिहायचं."

मोठी माणसं मी पुष्कळ पाहिली होती, पण त्या रेघेइतकं मोठं काही पाहिलं नव्हतं. नंतर अक्कांनी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. तसं भरीत पुन्हा मिळालं नाही. ते पत्र मी फाडून त्यांच्या चुलीत टाकलं.

पुण्याला पोचलो. आईला सगळं रंगवून सांगितलं. केळी, सातपुडा, अक्कांचा भाबडेपणा. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्याही मीच देत असे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तपासून. दिवाळीतच वाढवल्या होत्या. हल्ली उठताना गरगरतं म्हणायची, मी म्हणायचो, वय झालं.

आई वरणाला फोडणी देत होती. पाठ न वळवता म्हणाली, "यात भाबडं काय आहे? तपासायच्या रविवारी मी तरी गोळी कुठे घेते? मग तुला खरं कसं कळणार?"

मी गॅस बंद केला. तिला पाटावर बसवलं आणि पिशवीतून यंत्र काढलं. पट्टा बांधायच्या आधी तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसलो आणि म्हणालो, "आधी सगळं सांग बरं."