काखेत मावणारं कुत्रं

आठवीतनं शाळा सोडली आणि पुढं बऱ्याच वर्षांनी मुखेडच्याही पलीकडचं आमचं गाव सोडून मी लातूरला आलो. भूकंपाला तेव्हा काही वर्षं झाली होती. शहरात क्लासेसचं पेव फुटलेलं. डॉक्टर-इंजिनियर व्हायला आलेल्या पोरांना दोन्ही वेळ रांधून घालणारा माणूस हवा होता; तो मी झालो. मेसच्या मालकांनी आपल्या घरामागची खोली दिली, वर पोरांच्या खोल्या. शाळा अर्धवट सोडलेल्या, ओळख ना पाळख अशा माणसावर एवढा भरवसा कोण टाकतं? त्यांचं नाव निघालं की आजही माझे हात जोडले जातात.

पण मी जातीचा घाबरट. जमीन हललीच तर कळावं म्हणून उशाशी पातेलं उपडं घालून त्यावर तांब्या, तांब्यावर पेला रचायचो. तसं पुष्कळ घरांत करायचे. मी मात्र दिवसासुद्धा ते मोडायचो नाही.

समोरच्या मास्तरीणबाईंची बदली झाली. जाताना त्यांनी आपलं पांढरं पामेरियन कुत्रं माझ्या हातात ठेवलं. "तुमच्या पोळीची सवय लागलीय त्याला," म्हणाल्या. पोरांनी त्याला रोज नवं नाव ठेवलं. जो धडा चालू असेल त्याचं नाव.

गावाकडं आमचं कुत्रं वासराएवढं, शेतातल्या आखाड्यावर साखळीला असायचं. वडील भेटायला आले तर दारातच थांबले.

"हे कुत्रं हाय का ससा?"

"कुत्रं हाय, दादा."

"चोर आला तर पहिलं ह्यालाच उचलून नेईल की रं!"

असं म्हणाले आणि जेवताना स्वतःच्या ताटातली भाकरी त्यालाच चारत बसले.

खरं सांगतो, लहान कुत्र्यात काय गोडी आहे ते मला तेव्हा कळलं. अर्ध्या पोळीत त्याचं पोट भरायचं, पाटाएवढ्या जागेत झोप व्हायची. शेपूट हलवायला लागलं की अख्खं अंग हलायचं. मी पोळ्या लाटताना माझ्या मांडीला पाठ लावून बसायचं, आणि माझ्या छातीतली धडधड आपोआप उतरायची.

मालकांना ते पसंत पडलं नाही. "पोरं अभ्यासाला आलीत, भुंकणं ऐकायला न्हाई. आठवडाभरात दुसरीकडं बघ त्याचं."

उलट बोलावं तर खोली जाणार, खोलीबरोबर मेस, आणि मग गावाकडची एसटी. गप बसावं तर कुत्रं जाणार. मी "हाव, काका" म्हणालो आणि आत जाऊन त्याला कुरवाळत बसलो.

एका दुपारी जेवणं आटोपून आडवा झालो होतो. वरचा एक पोरगा उरलेली पोळी घेऊन दारात आला. कुत्र्याला आनंद मावेना. शेपटीचा फटका बसला आणि पेला, तांब्या पातेल्यावरनं धाडकन फरशीवर. "पळा!" असा मी ओरडलो की गल्ली उठली. रस्त्यावर येऊन बघतो तर कुणाच्या हातात रसायनशास्त्र, कुणाच्या अंगाला साबण, मालक बनियनवर, अनवाणी.

विजेची तारसुद्धा हलत नव्हती.

पोळीवाला पोरगा म्हणाला, "मामा, तुमच्या भूकंपाला शेपूट हाय की!" सगळे खो खो हसले. मालक हसले नाहीत. संपलं आता, असं मला वाटलं.

"पळताना काय उचललंस?" त्यांनी विचारलं.

मी पाहिलं. पैशाची पिशवी आत, चपला आत. काखेत कुत्रं.

"हेच, काका."

मालक औशाकडचे. भूकंपात त्यांचं गावाकडचं घर पडलं होतं, एवढंच आम्हाला माहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "आमचं कुत्रं लई मोठं होतं. त्या राती साखळीला होतं."

मग त्यांनी हात पुढं केला. कुत्रं माझ्या काखेतून सरळ त्यांच्या कोपरात जाऊन बसलं, जसं काही तिथलंच. "एका हातात मावतं की हे," मालक म्हणाले. माझा चहा उकळून कपात आला तरी ते त्याला खाली ठेवायला तयार नव्हते.

"राहू दे इथंच. पण ती भांडी आधी वर ठेव."

मी स्टुलावर चढलो आणि फळीवर पातेलं, तांब्या, पेला पुन्हा रचायला लागलो. तेवढ्यात खालून आवाज आला, "दूध पितं का रं हे?"