किटली रिकामी द्यायची नसते

आमच्या घरमालकीण हिराक्का यांना कुणी काही शिकवलेलं चालत नाही. त्या मात्र सगळ्यांना शिकवतात. कसबा बावड्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही नवराबायको भाड्यानं राहतो, आणि आजवर मला मेथी निवडण्यापासून नवऱ्याशी किती बोलावं इथपर्यंत सगळं शिकवून झालं आहे. हिराक्का मूळच्या गडहिंग्लजच्या. राग आला की कानडीत शिरतात. त्या वेळी काय म्हणालात, असं विचारायचं नसतं.

त्यांचा जीव पांढऱ्या कपड्यांत. यजमान पंचाक्षरी यांची गुळाची अडत आहे आणि ते टोपीपासून धोतरापर्यंत पांढरेशुभ्र. दिवसभर गुळाच्या ढेपांत बसणारा माणूस असे कपडे घालतो तो एक तर हौशी असतो, नाहीतर त्याची बायको हिराक्का असते. लग्न झाल्यापासून हे कपडे त्यांनी दगडावर घासून, निळीत बुडवून धुतले. शेवटी कंबरेनं दगा दिला, तेव्हा पुण्याच्या मुलानं, शशिधरनं, कपड्यांचं मशीन आणून बसवलं.

मशीनवर त्यांनी आधी ओढणी घातली, मग गणपतीचा फोटो ठेवला. ते चालवायचं असतं हे मान्य करायला बराच वेळ गेला. चालवायला लागल्या तेव्हा सून सुष्मितानं पावडरीऐवजी पॉडचा डबा आणून दिला. पॉड म्हणजे साबणाची पेढ्याएवढी मऊ उशी. आत हिरवा, पिवळा दाट साबण, वरून पातळ पारदर्शक कातडं, आणि लिंबाचा असा वास की डबा उघडला की वर माझ्या खोलीत कळावं.

आता, गोळीचा कागद काढल्याशिवाय गोळी खात नाहीत, तसं हे कातडं काढल्याशिवाय साबण कसा वापरणार? हिराक्कांनी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, पॉडला भोसकली, आणि उकडलेल्या कैरीचा गर काढावा तसा साबण मशीनच्या खणात पिळून काढला. राहिलेलं कातडं केरात. दिवसभर त्यांचे हात चिकट, जिन्याचा कठडा चिकट, आणि पंचाक्षरींच्या चष्म्याची काडीसुद्धा चिकट. कंपनीला त्यांनी मराठीत आणि कानडीत शिव्या दिल्या. मी जाऊन सांगितलं की ते कातडं पाण्यात विरघळतं, ते काढायचंच नसतं.

“प्लास्टिक कुठं इरघळतंय व्हय गं वर्षाराणी?” त्या म्हणाल्या आणि मला मेथी निवडायला बसवलं.

शेवटी सुष्मितानं फोनवर व्हिडिओ लावून समोरासमोर धडा दिला. हात कोरडे करायचे, पॉड अख्खा उचलायचा, आधी मशीनच्या पोटात तळाशी टाकायचा आणि मग वर कपडे. कपडे कोंबायचे नाहीत, वर हात शिरेल एवढी जागा ठेवायची. रोजच्या कपड्यांना एकच पुरतो. हिराक्का “व्हय, व्हय” करत होत्या. सुष्मिता पुढं डबा कुठं ठेवायचा ते सांगायला लागली आणि नेमकं तेव्हाच गॅसवरचं दूध वर आलं. फोन कट. निम्मा धडा शिकून हिराक्का पूर्ण पास झाल्या, कारण त्या दिवशी धोतर असं निघालं की पंचाक्षरी ते नेसायलाच धजेनात.

इथं भिंतीपलीकडच्या बनाबाईंची ओळख करून द्यायला हवी. त्यांच्याकडं म्हशी आहेत. त्यांचे यजमान आकाराम तरुणपणी तालमीत होते, म्हणून अख्खी गल्ली त्यांना पैलवान म्हणते. गेली कित्येक वर्षं या दोन घरांमध्ये भिंतीवरून एक स्टीलची किटली ये-जा करते. तिकडून येते ती ताक, दूध, म्हैस व्याली तर चीक घेऊन. आणि किटली रिकामी परत द्यायची नसते, म्हणून इकडून ती अडतीवरच्या गुळाचा खडा घेऊन जायची. गेल्या वर्षी पैलवानांना साखर निघाली आणि बनाबाईंनी गुळावर बंदी घातली. तेव्हापासून हिराक्कांपुढं रोजचा प्रश्न, किटलीत घालायचं काय? कधी दोन भेंड्या, कधी मूठभर शेंगा. गुळाच्या अडत्याच्या बायकोनं भेंडी द्यावी, ही गोष्ट त्यांना फार लागायची.

पुढं काही दिवसांनी बनाबाईंची म्हैस व्याली. सकाळी किटलीभर चीक आला, हिराक्कांनी खरवस केला, मलाही वाटीभर मिळाला. किटली घासून पुसून ठेवली आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बनाबाई कालच भिंतीवरून विचारत होत्या, मालकांचे कपडे एवढे पांढरे कसे निघतात म्हणून. हिराक्कांनी कोरड्या हातानं, अगदी शिकवल्याप्रमाणे, चार पॉड उचलले आणि किटलीत ठेवले. बादलीत एकेक टाकला की झालं, असा त्यांचा हिशोब. पॉड बादलीसाठी नसतात, मशीनसाठी असतात, पण तो धडाही राहून गेलेल्या निम्म्यात होता.

भिंतीवर किटली ठेवून त्यांनी हाक मारली. बनाबाई आत होत्या, किटली पैलवानांनी घेतली.

दुपारनंतर मी गच्चीवरून कपडे काढून खाली येत होते. बनाबाई भिंतीपाशी उभ्या राहून हिराक्कांना विचारत होत्या की किटलीत कसली मिठाई आहे, तीन तुकडे आहेत, गोड असेल तर यांच्यापासून लपवून ठेवते.

“तीन?” हिराक्का म्हणाल्या.

त्यांचा चेहरा मी आजवर असा पाहिला नव्हता. शिकवणारी बाई त्या चेहऱ्यातून निघून गेली होती. वर्षभर गोडाला मुकलेला माणूस, वर्षानुवर्षं गूळ देणारी किटली, आणि तिच्यात पेढ्याएवढ्या, लिंबाच्या वासाच्या चकचकीत उशा. कुणाला काही सांगायची गरज राहिली नाही. मी तिथंच सुष्मिताला फोन लावला. पुण्याहून ती ओरडूनच बोलली, की तोंडात गेलं असेल तर उलटी काढायला जाऊ नका, चूळ भरायला लावा, तोंड पुसा, आणि डबा बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. डब्याचं झाकण घट्ट लावून तो उंचावर ठेवायचा, खाण्याच्या भांड्यात हे कधी घालायचं नाही, हेच त्या दिवशी सांगत होते, असंही म्हणाली. हिराक्कांनी ते ऐकलं.

मग त्या पळाल्या. दगा दिलेल्या कंबरेनं, अनवाणी, रस्त्यानं वळसा घालून बनाबाईंच्या गोठ्यात. मागं बनाबाई, त्यांच्या मागं डबा घेऊन मी. भीती मलाही वाटत होती. हिराक्कांवर हसायची मला सवय आहे, पण त्या क्षणी पैलवानांना काही झालं तर ही बाई उरणार नाही, एवढं मला कळलं होतं.

पैलवान म्हशीमागं पाठमोरे उभे होते. हाक मारली तरी बोलेनात. वळले तेव्हा तोंड गच्च मिटलेलं, गाल फुगलेला, कपाळाला घाम.

त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणाऱ्या हिराक्का पुढं झाल्या, पदर खांद्यावर पडलेला, आणि म्हणाल्या, “पैलवान, आ करा.”

पैलवानांनी बायकोकडं पाहिलं. मग निमूटपणे आ केला. आत तंबाखू होती.

मग चौथा तुकडा कुठं आहे, असं बनाबाईंनी विचारलं. उत्तर द्यायची वेळच आली नाही, कारण पैलवानांच्या बंडीचा खिसा हिरवा झाला होता आणि त्यातून साबण ठिबकत होता. म्हशीला धुता धुता ते ओल्या हातानं सारखं खिशात चाचपून बघत होते, ठेवलंय ना जागेवर म्हणून. कातडं पाण्यात विरघळतं, हे पैलवानांनी असं सिद्ध करून दिलं.

“खाल्लं न्हाई आक्का,” ते खाली मान घालून म्हणाले. “धार काढून झाल्यावर निवांत खायाला ठिवलतं.”

मी त्यांना आधी हात धुवायला लावले, मग डोळ्यांना हात न लावता बंडी काढायला लावली. बनाबाई हसायला लागल्या, मग मी, मग पैलवानही. हिराक्का म्हशीच्या गव्हाणीच्या काठावर बसल्या आणि रडल्या. घरी येऊन डबा त्यांनी सर्वांत वरच्या फळीवर ठेवला, जिथं त्यांचा स्वतःचाही हात पोहोचत नाही. आता दर धुण्याला मला खाली हाक येते.

दोन दिवसांनी बनाबाईंकडून ताक आलं. हिराक्कांनी किटली घासली, पुसली, आत दोनदा बघितलं आणि तशीच भिंतीवर ठेवली. रिकामी. बनाबाईंनी आत पाहिलं, किटली उचलली आणि घरात गेल्या. मग किटली यायची बंद झाली. हिराक्का रोज सकाळी भिंतीकडं बघायच्या आणि कुणालाच काही शिकवायच्या नाहीत. मी एकदा मुद्दाम त्यांच्यासमोर मेथी देठासकट चिरली, तरी गप्प. घरात करमेना. पंचाक्षरींनी मला हळूच विचारलं, हिला दाखवून आणायचं का कुठं.

“माझ्या हातनं आता घेणार न्हाईत त्या,” हिराक्का एकदा एवढंच म्हणाल्या.

त्या रविवारी बनाबाई पुढच्या दारानं आल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच किटली दारातून आली. त्यांनी ती हिराक्कांपुढं टेकवली.

“रिकामी किटली आमच्यात घेत न्हाईत, आक्का,” त्या म्हणाल्या. “साबण घाला न्हाईतर माती घाला, पर रिकामी देऊ नगा.”

हिराक्का उठल्या. परसात गेल्या आणि झाडावरची लिंबं तोडून किटली काठोकाठ भरली. बनाबाईंच्या हातात देताना हिराक्कांनी लिंबाचं लोणचं कसं घालायचं ते शिकवायला सुरुवात केली, आणि पंचाक्षरी समाधानानं पेपर वाचायला लागले.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून पैलवानांचं डोकं वर आलं. हातात एक लिंबू होतं. त्यांनी ते हुंगलं, नखानं टोकरलं, पुन्हा हुंगलं.

“आक्का,” त्यांनी विचारलं, “ह्ये खायाचंच हाय न्हवं?”